विहिरीकडची बाजू

आमच्या वडिलांनी आणि त्यांच्या दोस्तानं मिळून एक रान घेतलं आणि निम्मं निम्मं करून घेतलं. दोघांची खरेदी एकाच दिवशी, एकाच टेबलावर झाली. पूर्व-पश्चिम म्हणायची दोघांनाही सवय नव्हती. वडिलांनी ‘ह्या अंगाची माझी’ म्हणून हात केला, समोर बसलेल्या दस्त लिहिणाऱ्यानं तो हात स्वतःच्या बाजूनं धरला आणि दोन्ही खरेदीखतं उलटी झाली. वाचता दोघांनाही येत नव्हतं. दोघांनी अंगठे दिले, भजी खाल्ली आणि आपापल्या ठरलेल्या तुकड्यात नांगर घातला. वडिलांनी पुढं विहीर खोदली ती कागदावर दोस्ताच्या रानात, हे दोघांनाही मरेपर्यंत कळलं नाही.

कळलं ते आम्हाला. दोस्ताच्या मुलानं पाइपलाइनसाठी मोजणी मागवली आणि मोजणीवाल्यानं कागद बघून खुणा रोवल्या त्या थेट आमच्या विहिरीच्या पलीकडं. विहिरीजवळच्या दोन खोल्यांत माझी आई एकटी राहते. शेळ्या, थोडी भाजी, आणि काय वाट्टेल ते झालं तरी तिथून न हलण्याचा हट्ट, एवढा तिचा संसार. तिनं मला फोन केला आणि आता पाण्याला दुसऱ्याच्या दारात जायचं का, एवढंच विचारलं.

पुण्याच्या भावाला कळवलं. तो म्हणाला, तू धाराशिवातच आहेस, जरा बघ. त्या ‘जरा’नं माझ्या शाळेच्या सगळ्या रजा खाल्ल्या. तहसील, मोजणीचं ऑफिस, तलाठी, वकील. साहेब मीटिंगला गेलेत, साहेब जेवायला गेलेत, साहेब आज येणारच नाहीत. एसटी स्टँडवर चहा पिऊन पिऊन मला पित्त झालं. गंमत अशी, की जमीन आई आणि भावाच्या नावावर. वडील गेल्यावर माझ्या वाट्याचं हक्कसोडपत्र मी भावाला कधीच करून दिलं होतं. ज्या रानात माझं ढेकूळसुद्धा नाही, त्याच्यासाठी माझ्या चपला झिजत होत्या.

शेवटी वकिलांनी वाट काढली. भांडायचं काही कारण नाही, म्हणाले. दोन्ही घरांनी अदलाबदलीचा दस्त करायचा, कागद बदलतील, माती जिथल्या तिथं राहील. फक्त दोन्हीकडच्या सगळ्या वारसांच्या सह्या हव्यात.

आमच्याकडचे तयारच होते. दोस्ताच्या घरात तिघं वारस. काकू, त्यांचा मुलगा आणि तामलवाडीला दिलेली मुलगी. मुलगा तसा वाईट नाही, पण संधी आली की कुणाच्याही जिभेला पाणी सुटतं. त्यानं मला ओट्यावर बसवून चहा दिला आणि अट घातली. दस्ताच्या दिवशीच बहिणीनं आपल्या हिश्श्याचं हक्कसोडपत्रही करून द्यायचं. आणि ते तिच्या गळी मीच उतरवायचं, कारण लहानपणापासून ती माझं ऐकते. मला त्याचा संताप आला. तरी मी तामलवाडीच्या गाडीत बसले, कारण डोळ्यांपुढं आईची घागर होती.

ती अंगणात तूर पाखडत होती. मी सगळं सांगितलं आणि मग ठेवणीतली वाक्यं काढली. माहेर तुटू नये, सणाला यायला एक दार असावं, जमिनीपायी भावाशी वाकडं कशाला. बोलता बोलता लक्षात आलं, हीच वाक्यं माझ्या आत्यानं मला ऐकवली होती, जवळजवळ त्याच क्रमानं. मला स्वतःचीच शिसारी आली आणि पुढचं वाक्य मी अर्ध्यातच सोडलं.

तिनं सूप खाली ठेवलं. “ताई, तुमी सही दिलीव, तवा तुमाला काय वाटलं, ते सांगा आदी.”

खोटं बोलायची ताकद उरली नव्हती. मी म्हणाले, त्या दिवशी काहीच वाटलं नाही, भावानं साडी आणली होती. पण नंतर रानात गेले, तेव्हा कोथिंबिरीची जुडी उपटताना हात थांबला आणि पुण्याहून सणाला आलेल्या वहिनीला विचारलं, घेऊ का. ते विचारणं अजून थांबलेलं नाही.

तिनं सूप पुन्हा उचललं. मग म्हणाली, “तुमची हीर तुमची हाय, त्याला सही देते. माजं मातर म्या सोडणार न्हाय.”

मी हो म्हणाले. आईचं काम बिघडवून निघाल्याची भीती होती, आणि खरं सांगायचं तर पोटात कुठंतरी बरंही वाटत होतं.

तिचं म्हणणं कळल्यावर काकूंचा मुलगा आठवडाभर फुरंगटून बसला. शेवटी काकूंनीच त्याला फैलावर घेतलं. दोघा दोस्तांनी एका ताटात खाल्लं, त्यांच्या माघारी तू एका बाईचं पाणी तोडणार का, आणि तेही पोरीचा वाटा खायला, असं त्या चार माणसांत बोलल्या. तो वरमला आणि अट सोडून आला.

दस्ताच्या दिवशी पुण्याहून भाऊ आला, इस्त्रीच्या शर्टात. रजिस्ट्री ऑफिसातला कॉम्प्युटरवरचा माणूस एकेकाला कॅमेऱ्यापुढं बोलवत होता. आई, भाऊ, काकू, मुलगा. तामलवाडीची ती पदर सारखा करून ताठ बसली, अंगठा टेकवला आणि उठली. साक्षीदारसुद्धा वकिलांनीच आणलेले. सगळ्या फायली माझ्या पिशवीत, म्हणून मी सवयीनं पुढं जाऊन तिच्या मोकळ्या खुर्चीत बसले.

“तुमचं नाव दिसत न्हाय इथं,” तो माणूस म्हणाला. “तुमी कोण?”

मी तोंड उघडायच्या आत मागून भावानं सांगितलं, “बहीण हाय माजी. तिचं काय न्हाय ह्यात.”

तो खोटं बोलला नव्हता. मी पिशवी उचलली आणि पुढच्या माणसासाठी खुर्ची रिकामी केली.