कॉस्टिकच्या हौदातलं चाक

यांना जाऊन पाच महिने झाले. भेटायला आलेल्यांपैकी एक जण म्हणाला, माणूस सरळ होता, कधी कुणाला फसवलं नाही. मी मान हलवली. ते खरंच होतं. पण मला त्या वेळी इंदूरच्या पोलोग्राउंड या कारखान्यांच्या भागातले चार दिवस आठवत होते. त्या चार दिवसांत मला माझ्याच नवऱ्याची खात्री वाटत नव्हती.

मिल बंद पडली तेव्हा हे ब्लीचिंग खात्यात होते. कोरं कापड कॉस्टिक सोड्यात उकळायचं, धुवायचं, पांढरं करायचं, हेच काम वीस-बावीस वर्षं केलेलं. कॉस्टिकचं पाणी दोन बोटांत चोळून ते त्याचा जोर सांगत, आणि लॅबवाला मोजून तेच सांगे. मिल गेल्यावर या कसबाचं करायचं काय, हा प्रश्न होता. मग मिलमधलेच एक फिटर आणि हे, दोघांनी मिळून पोलोग्राउंडमध्ये पत्र्याची शेड घेतली. जुन्या गाड्यांची लोखंडी चाकं, जाळ्या, पलंग गरम कॉस्टिकच्या हौदात टाकून रंग उतरवायचा आणि नवा मारायचा, असं काम सुरू झालं. लोखंडाला कॉस्टिक काही करत नाही. रंग मात्र सालीसारखा सुटून येतो.

बाजार खुला झाल्यावर रस्त्यावर नवनव्या गाड्या दिसू लागल्या होत्या. मल्हारगंजच्या एका कापड व्यापाऱ्याने दिल्लीहून जुनी परदेशी गाडी आणली. तिची चाकं अलॉयची होती, आणि त्यांच्यावरची चंदेरी झिलई पोपडे येऊन सुटत होती. पुढच्या आठवड्यात त्याच्या मुलाची वरात त्याच गाडीतून निघायची होती. तशी चाकं तेव्हा इंदूरात मिळत नव्हती. हे काम नीट झालं तर नव्या गाड्यांची कामं शेडवर येतील, असं दोघांच्या मनात होतं.

गुरुवारी सकाळी चहा पिता पिता हे म्हणाले, चाकं इतकी हलकी आहेत की एका हाताने उचलली. मी वह्या तपासत होते. मान वर न करता ‘हं’ म्हटलं.

मी शाळेत दहावीला विज्ञान शिकवायची. दुपारी वर्गात चाचणी चालू होती, मुली खाली मान घालून लिहीत होत्या, आणि अचानक तो ‘हलकी’ शब्द माझ्यापुढे येऊन उभा राहिला. हलकी म्हणजे ॲल्युमिनियम. कॉस्टिक ॲल्युमिनियम खातं आणि त्यातून हायड्रोजन निघतो, हे मी दरवर्षी मुलींकडून पाठ करून घेत होते. शेडवर फोन नव्हता. चाचणीला वीस मिनिटं उरली होती आणि वर्ग सोडता येत नव्हता. ती वीस मिनिटं मी बाकांमधून नुसती फिरत राहिले. मग अर्ध्या दिवसाची रजा टाकून टेम्पो पकडला.

शेडमध्ये पोहोचले तेव्हा हौदातून फसफस ऐकू येत होती. पांढरा फेस काठापर्यंत आला होता. हे समाधानाने बघत उभे होते. फिटर हौदाच्या काठाला टेकले होते, तोंडात बिडी, हातात काडेपेटी.

“काडी ओढू नका,” मी म्हटलं.

फिटर हसले. “भाभीजी, आज इन्स्पेक्शन पे?”

“भाईसाब, काडी खाली ठेवा. हा गॅस पेट घेतो.”

माझ्या आवाजात काहीतरी असावं. त्यांनी काडेपेटी खिशात घातली आणि दोन पावलं मागे सरले. मग मी यांच्याकडे वळले आणि चाक बाहेर काढायला सांगितलं. हे म्हणाले, रंग सुटतोय, सुटू दे.

“रंग कधीच सुटलाय. आता चाक विरघळतंय.”

यांच्या कामात मी कधी बोलले नव्हते. आणि आता बोलले होते ते त्यांच्या जोडीदारासमोर. यांनी माझ्याकडे पाहिलं. मग आकडी घेऊन चाक ओढून काढलं. ते काळंठिक्कर पडलं होतं. पाणी मारमारून धुतल्यावर दिसलं, कडा पातळ झाल्या होत्या, आणि टायर जिथे घट्ट बसतो तिथे बारीक खड्ड्यांची चाळणी झाली होती.

हौदात एका वेळी एकच चाक मावत होतं, म्हणून बाकीची तीन वाचली. त्यांचा रंग यांनी ब्रशने रिमूव्हर लावून, लाकडी पट्टीने खरवडून उतरवला. पॉलिश पेपर पाण्यात बुडवून घासताना बोटांची सालं निघाली. चौथ्याचं काय करायचं, हा प्रश्न उरला. शेवटी फिटरच बोलले. “भिया, पुट्टी भरो, चांदी मारो. किसके बाप को पता चलेगा?”

हे पेपर घासत राहिले. पण शनिवारी मी डबा घेऊन गेले तेव्हा चौथ्या चाकात पुट्टी भरलेली होती. संध्याकाळी त्यावर चंदेरी रंग आणि वर लॅकरचा हात बसला. चारांत तेच सगळ्यांत देखणं दिसत होतं. पण आतून ते कमकुवत होतं, रस्त्यात फुटू शकत होतं, आणि मला वरातीच्या गाडीत बसलेली माणसं दिसत होती. यांना विचारायचं असं घरी दोनदा ठरवलं, आणि दोन्ही वेळा आमटीत मीठ पुरेसं आहे का, एवढंच विचारलं.

रविवारी सकाळी व्यापारी आला. मीही गेले होते, निमित्त काहीतरी काढून. चारही चाकं भिंतीला लावून ठेवली होती. त्याने नेमकं ते पुट्टीवालंच उचललं, उन्हात धरलं आणि म्हणाला, कमाल कर दी. फिटर जमिनीकडे पाहू लागले. यांनी हात फडक्याला पुसले, पुन्हा पुसले. हे आता गप्प बसले तर ते गप्प बसणं आयुष्यभर आमच्या घरात राहील, असं मला वाटलं.

“सेठजी, ये वाला मत लगाना,” हे म्हणाले. “मेरे हाथ से खराब हुआ है. ऊपर से दिखेगा नहीं.”

मग कॉस्टिकपासून पुट्टीपर्यंत सगळं सांगितलं. स्वतःचंच नाव घेऊन सांगितलं, फिटरचं नाही. व्यापारी ओरडला नाही. चाक खाली ठेवून म्हणाला, “मिलवाले हो ना. कपड़ा समझ के उबाल दिया?” त्याचा ड्रायव्हर हसला.  व्यापारी आणि ड्रायव्हर तीन चाकं घेऊन गेले. चौथ्या जागी गाडीची काळी लोखंडी स्टेपनी लागणार, हे सगळ्यांना कळलं होतं.

आम्ही स्कूटरवर घरी आलो. दारात चपला काढताना हे म्हणाले, “मी सांगतो की नाही, याची तू गुरुवारपासून वाट बघत होतीस ना?”

मी हो म्हटलं.

“मग विचारलं का नाहीस?”

विचारलं असतं तर माझ्या सांगण्यावरून सांगितलं असं झालं असतं, असं उत्तर मला पुष्कळ वर्षांनी सुचलं, आणि ते पुरतं खरं नव्हतं. हे ‘नाही सांगणार’ म्हणाले तर, म्हणून मी घाबरले होते.  त्या दिवशी हे हात धुवायला मोरीकडे गेले. मी आत जाऊन भात टाकला.