संमती गृहीत

माझं अक्षर चांगलं आहे. या एका गुणापायी मी आयुष्यात जेवढी अडकले, तेवढी दुसऱ्या कशापायी अडकले नाही. शाळेत होते तेव्हा निकालपत्रकं, स्नेहसंमेलनाचे फलक, निरोपाची मानपत्रं, सगळं माझ्याच गळ्यात. निवृत्त झाले तेव्हा वाटलं, सुटले. तर आमच्या नदीखोऱ्याच्या समितीची पहिली बैठक भरली, अध्यक्षांनी विचारलं, "इतिवृत्त कोण लिहील?" आणि माझी शेजारीण लगेच म्हणाली, "आमच्या बाई आहेत ना!" झालं. तेव्हापासून मी सचिव.

नदीखोरं म्हटलं की लोक हसतात. खाली गोरेगावात जिला सगळे नाला म्हणतात आणि जिच्या पुलावरून नाक धरून जातात, ती वर आरेच्या जंगलात अजून नदी आहे. खडकांतून वाहते, तिच्यात खेकडे आहेत, काठाला पाडे आहेत, पाड्यांखाली भाताची खाचरं आहेत. आमच्या सोसायटीच्या गच्चीवरून तो सगळा भाग नुसता हिरवा दिसतो आणि त्या हिरव्याच्या नावावर इथले फ्लॅट विकले जातात. त्या हिरव्यात कोणी भात पिकवतं हे फ्लॅट विकणाऱ्याला ठाऊक नसतं. मला तरी कुठे होतं?

समितीत सहा भागीदार: दोन सरकारी खाती, एक कॉलेज, एक कंपनी, आमच्या सोसायट्यांचा गट आणि पाडा. या सहांनी मिळून खोरं राखायचं, अशी कल्पना. आणि एक गोष्ट आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी चिडणार आहे. या समितीने काम केलं. नदीकाठी इमारतींचा राडारोडा ओतणारे डंपर यायचे. पाड्यातल्या बायका त्या डंपरांपुढे आडव्या उभ्या राहिल्या, आम्ही फोटो काढून तक्रारींचा भडिमार केला, खात्याने रस्त्यावर लोखंडी अडसर टाकला. डंपर बंद झाले. एकट्या कोणालाही ते जमलं नसतं.

पाड्याची प्रतिनिधी म्हणून पहिल्या बैठकीला एक बाई आली होती. माझ्याच वयाची, काटक, बोलायला कमी. तिची मुलगी एके काळी माझ्या वर्गात होती, म्हणून ती मला बाई म्हणते आणि मी तिला ताई म्हणते. त्यानंतर ती बैठकीला आली नाही. बैठक मंगळवारी सकाळी अकराला, कंपनीच्या थंडगार हॉलमध्ये. त्या वेळी ती स्टेशनबाहेर भाजी विकायला बसलेली असते. हे मला माहीत होतं, कारण मी भाजी तिच्याकडूनच घेते. तरीही प्रत्येक इतिवृत्तात मी सुवाच्य अक्षरात लिहीत गेले, 'पाडा : अनुपस्थित, संमती गृहीत.'

मे महिन्याच्या शेवटी मला नदीकाठची पाहणी करायला पाठवलं. कॉलेजचे एक प्राध्यापक बरोबर होते. ताईच्या घराच्या खाली, खाचरांच्या वरच्या अंगाला, जमिनीचा एक चौकोनी तुकडा काळाठिक्कर जळालेला दिसला. प्राध्यापक हळहळले. "कोणीतरी आग लावली. काय लोक असतात बघा." मीही हळहळले, फोटो काढला आणि लिहिलं, 'आगीने बाधित जागा, पुनर्लागवडीस योग्य.' आजूबाजूला विचारायला कोणी नव्हतं. पाडा कामाला गेला होता आणि ताई मुलीच्या बाळंतपणासाठी गेली होती.

जूनच्या पहिल्या आठवड्यात कार्यक्रम झाला. कंपनीची माणसं एकसारख्या टोप्या घालून आली, त्या काळ्या तुकड्यावर चाळीस खड्डे खणले, चाळीस झाडं लावली. देशी झाडं, बरं का. आपटा, कडुलिंब, जांभूळ. कोपऱ्यात फलक ठोकला. फलकावरची अक्षरं माझी.

चार दिवसांनी दारावरची बेल वाजली. ताई होती. माझ्या घरी ती पहिल्यांदाच आली होती. आत या म्हटलं तर आली नाही, चपलासुद्धा काढल्या नाहीत.

"बाई, माझ्या राबावर झाडं कोनी लावली?"

राब. हा शब्द ऐकला आणि मी दाराची कडी धरूनच उभी राहिले. वीस वर्षं मी भूगोल शिकवला. 'राब भाजणे', दोन गुणांची टीप. पावसाआधी जमिनीच्या एका तुकड्यावर शेण, पालापाचोळा, वाळकं गवत पसरून ते भाजतात. त्याने तण मरतं, राखेचं खत होतं, मग त्यात भात पेरून रोपं वाढवतात आणि ती रोपं नंतर खाचरात लावतात. मी हे फळ्यावर चित्र काढून शिकवलंय. ज्यांनी लिहिलं नाही त्यांचे गुण कापलेत. आणि खरा राब डोळ्यांसमोर आला तेव्हा मी त्याला आगीने बाधित जागा म्हटलं.

"ताई, चूक माझी आहे," मी म्हटलं.

"ते असू दे. पेरायचं कधी? रोप नाय तर लावू काय? खाचरं पडीक राहतील ना वर्षभर."

एवढंच तिचं म्हणणं होतं. भरपाई मागितली नाही, भांडली नाही. तिला तो तुकडा हवा होता, तोही आठवड्याच्या आत. मी म्हटलं, काळजी करू नका, दोन दिवसांत मोकळा करून देते. किती सहज म्हणाले मी!

कारण मध्ये एक नियम होता, आणि तो मीच केलेला होता. आधीच्या वर्षी लक्षात आलं होतं की एकाच खड्ड्यात दर वर्षी नवं झाड लागतं. जुनं, जगलेलं, हातभर वाढलेलं झाड उपटायचं आणि त्याच जागी नवं लावून फोटो काढायचा. मी बैठकीत कडाकडा बोलले आणि ठराव करवून घेतला, 'लावलेले कोणतेही जिवंत झाड सर्व भागीदारांच्या लेखी संमतीशिवाय हलवू नये.' तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

सगळ्यांच्या सह्या मिळेपर्यंत थांबा, असं ताईला सांगून मी संमतिपत्र घेऊन वणवण सुरू केली. कॉलेजचे प्राचार्य गावाला. कंपनीतला माणूस गोड बोलला, "मॅडम, लीगलला विचारावं लागेल ना." एका खात्यात म्हणाले, आधी दुसऱ्या खात्याची सही आणा. दुसऱ्या खात्यात म्हणाले, पहिल्यांनी केली का? अध्यक्षांच्या घरी गेले तर ते गच्चीत मोगऱ्याला पाणी घालत होते. ते आमच्याच सोसायटीतले, मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले.

"अहो बाई, चाळीस झाडं काढायची? लोक काय म्हणतील? आणि नियम तुमचाच आहे."

"साहेब, त्यांचं वर्षाचं पीक जाईल."

"पुढच्या मंगळवारी विषय घेऊ की."

पुढच्या मंगळवारी! आकाशाला मंगळवार कळतो का? मी बसच्या थांब्यावर उभी राहून मोठ्याने बोलत होते आणि लोक वळून बघत होते. संताप कोणावर काढावा तेच कळेना. एकही माणूस वाईट नव्हता. सगळे सौजन्याने चहा पाजत होते आणि सगळ्यांच्या सौजन्यात एका बाईचं शेत बुडत होतं.

पाऊस दोन दिवस पडून गायब झाला होता. कडक ऊन पडलं. आणि मला, सांगायला लाज वाटते, आशा वाटू लागली. ठरावात 'जिवंत' असा शब्द होता. मेलेलं झाड काढायला कोणाची सही लागत नाही. कार्यक्रमाच्या झाडांना नंतर कोणी पाणी घालत नाही हा समितीचा इतक्या वर्षांचा अनुभव. आठ दिवसांत चाळीसच्या चाळीस वाळतील, मी तसं लिहीन आणि जागा मोकळी. पर्यावरणासाठी काम करणारी मी, रोज सकाळी खिडकीतून ऊन बघून खूश होत होते.

लागवडीच्या नवव्या दिवशी वही घेऊन गेले. आरेतल्या बसमधून उतरून पायवाटेने खाली आले, तर चाळीस झाडं टवटवीत. आपट्याला नवी पालवी फुटलेली. बुंध्याभोवती ओली माती. आणि ताई नदीवरून हंडा घेऊन चढून येत होती.

"तुम्ही पाणी घालताय?" मी किंचाळलेच.

"मग? कोनी येत नाय. सुकत होती."

"अहो ताई, सुकू द्यायची होती! मेली असती तर काढता आली असती!"

तिने हंडा खाली ठेवला.

"झाडांनी काय केलंय, बाई?"

मी धपकन बांधावर बसले. रडू आलं ते रागाचंच होतं. तिचा नाही, माझा, त्या वहीचा, त्या थंडगार हॉलचा राग. खोरं राखायला आम्ही सहा भागीदार जमवले होते आणि त्यातलं एकटं कोणीतरी खरोखर राखत होतं. तेही कोणाच्या झाडांसाठी? जी तिच्याच भाताच्या उरावर लावलेली.

"पाटी-घमेलं आहे?" मी विचारलं.

"कशाला?"

"काढू या. आत्ता."

"आनि त्या सगळ्यांच्या सह्या?"

"माझी एकटीची आहे."

झाडं हलवणं हे तिचं रोजचं काम. रोपं उपटून लावण्यात तिचं आयुष्य गेलेलं. मुळाभोवती मातीचा गोळा धरून ती एकेक झाड अलगद उचलायची, मी घमेल्यातून वरच्या उतारावर न्यायची. खड्डे मी खणले, वाईट खणले, ते तिने परत खणले. दुपारपर्यंत माझ्या तळहाताला फोड आले होते. चाळीस झाडं उतारावर बसली आणि राब मोकळा झाला. पण राब म्हणून त्यात काही उरलं नव्हतं. खड्ड्यांनी राख खाली गेली होती, खालची तणाची माती वर आली होती. तिने तरी पेरलं. उगवलं ते विरळ, तेही उशिरा. वरच्या खाचरांपुरतं रोप निघालं. खालची दोन खाचरं तशीच राहिली.

मंगळवारी बैठकीत मी सगळं सांगितलं. खळबळ उडाली. नियमभंगाबद्दल सचिवांविषयी नापसंती नोंदवावी, असं ठरलं. नोंदवणार कोण? मीच. माझ्याविरुद्धचा ठराव मी माझ्याच अक्षरात, नीट समास सोडून लिहिला. मग म्हटलं, आता दुसरा विषय, बैठक रविवारी आणि पाड्यावर घ्यावी. सगळे म्हणाले, उत्तम सूचना, विचार करू. पान उलटताना मागची इतिवृत्तं डोळ्यांखालून गेली. संमती गृहीत, संमती गृहीत, संमती गृहीत. किती सुंदर अक्षर!

समिती सोडावी असं शंभरदा मनात आलं. सोडली नाही, कारण अडसर मोडला तर डंपर परत येतील हे मला माहीत आहे, आणि ते ताईलाही माहीत आहे. पाऊस संपल्यावर मी हट्टाने सगळ्यांना पाहणीला घेऊन गेले. उतारावरची झाडं छान धरली होती. अध्यक्ष खूश झाले, त्यांनी प्रत्येकाचा फोटो काढायला लावला. वरच्या खाचरांत भात पिवळा पडायला लागला होता. खालच्या दोन खाचरांत गुडघाभर गवत.

अध्यक्ष त्या गवताकडे बघत थांबले. "बाई, लिहून घ्या. ही खालची जागा नुसती पडीक आहे. पुढच्या जूनला इथे शंभरेक झाडं सहज बसतील."

प्राध्यापकांनी मान डोलावली. कंपनीचा माणूस म्हणाला, "झकास होईल." मी पेनाला टोपण लावलं.

"मी लिहिणार नाही," मी म्हटलं. "आधी पाड्याला विचारा."

"हो हो, विचारायलाच हवं," अध्यक्ष घाईने म्हणाले. "पाड्याचं कोण असतं ते? प्रतिनिधी कोण आहे?"

ताई पाण्याचे पेले घेऊन त्यांच्यासमोरच उभी होती. सगळ्यांनी तिच्या हातातून एकेक पेला घेतला आणि पाणी पीत पीत वर पाड्याकडे बघत राहिले, कोणी खाली येतंय का म्हणून.