शहराच्या बदल्यात मसाला

मेक्सिकोला निघालेलं गिऱ्हाईक ओस्विनला भेटल्याशिवाय विमानात बसायचं नाही, अशी बहरीनची राजधानी मनामातल्या एका हॉटेलात पद्धतच पडून गेली होती. पहिल्या मजल्यावरच्या मेक्सिकन रेस्टॉरंटच्या किचनमध्ये ओस्विन तुस्कानो एकवीस वर्षं शेगडीपुढे उभा होता. गाव वसईतलं नंदाखाल. जन्मात त्याने दोनच विमानतळ पाहिले, मुंबईचा आणि बहरीनचा. पण मेक्सिको सिटीतला शुक्रवार ते रविवार कसा घालवायचा, हे त्याच्यासारखं सांगणारा माणूस साऱ्या बेटावर नव्हता.

वेटर आत येऊन म्हणायचा, "ओस्विनभाई, सात नंबरवाले मेक्सिको जा रहे हैं." ओस्विन ॲप्रनला हात पुसत बाहेर यायचा आणि सुरू व्हायचा.

"शुक्रवारी संध्याकाळी पोचलात ना, हॉटेलात जेवू नका. जुन्या पेठेत जुन्या पद्धतीचे बार आहेत, तिथे बसा. तुम्ही प्यायला मागवा, खायला तो आपणहून आणून देतो. पहिल्या ग्लासाबरोबर सूप, दुसऱ्याबरोबर मासा. मग चालत गाणेवाल्यांच्या चौकात जा. कोट घातलेले, ट्रम्पेटवाले उभे असतात. गाण्याचे पैसे आधी ठरवा, मगच मान डोलवा. परतताना उभ्या सळीवरचं मांस. बघाल तर आपला शावर्माच! लेबनानी लोकांनीच नेलाय तो तिकडे. फक्त वर अननसाची फोड बसवलेली असते. शनिवारी सकाळी नाश्ता नाही, खड्ड्यात रात्रभर शिजलेलं मटण. ते दुपारी बाराला संपतं, म्हणून दहाला जा. दुपारी पुल्के प्या. आमच्या वसईची ताडी आठवेल, तशीच आंबूस आणि तशीच हळूहळू चढणारी. संध्याकाळी डान्स हॉल. तिथे म्हातारी माणसं नाचतात, तुम्ही नुसती बघा. आणि रविवारी आधी चर्चमध्ये मिस्सा, मग कालव्यातली होडी."

हे सगळं त्याने कागदावरही उतरवून ठेवलं होतं. कुणाला हवं असेल त्याला झेरॉक्स मिळायची. फुकट. टीप देऊ केली तर ओस्विनला राग यायचा.

हे शहर त्याला दिलं होतं रामिरोने.

रामिरो त्या रेस्टॉरंटचा मुख्य शेफ म्हणून आला तेव्हा ओस्विन तिथे टोमॅटो आणि मिरच्या भाजत होता. रामिरो चाळिशीचा, पोट सुटलेला, मोठ्याने हसणारा. आल्याच्या तिसऱ्या दिवशी त्याने ओस्विनच्या तव्यातली मिरची उचलून हुंगली आणि विचारलं, "हे तुला कोणी शिकवलं? मिरची काळी पडायच्या एक क्षण आधी उतरवायची, हे?"

"आईने," ओस्विन म्हणाला.

तिथून दोघांचं जमलं. रामिरो एकटाच होता. सुट्टीच्या दिवशी तो गुदैबियातल्या ओस्विनच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटवर येऊ लागला. ओस्विनची बायको कॅरोलिन एका दवाखान्यात नर्स. शुक्रवारची मिस्सा आटोपून ती घरी आली की फुगे तळायची. आंबवलेलं पीठ मुठीतून पिळून तेलात सोडायचं, की ते टम्म फुगून वर येतं. सोबत कोळंबीचं घट्ट लाल कालवण. रामिरो खाताना बोलायचाच नाही. ताट पुसून झालं की मग डोळे मिटून म्हणायचा, "कॅरोलिन, हा मसाला म्हणजे आमचा मोले, आमच्याकडचा मिरच्यांचा दाट रस्सा. समुद्र ओलांडून आलेला मोले!"

कॅरोलिन हसायची, पण मसाल्याचं बोलायची नाही. तो मसाला तिच्या आईचा, वसईतल्या गास गावच्या घरचा. तीस जिन्नस. उन्हात वाळवायचे, एकेक वेगळा भाजायचा, कुटून तपकिरी बाटल्यांत ठासून भरायचा. तिची सख्खी वहिनी दहा वर्षं मागे लागली होती, तरी तिला तो मिळाला नव्हता. "आईने मरताना मला एकटीला सांगितलाय," एवढंच कॅरोलिन म्हणायची. बहरीनमध्ये तिने त्यात एकच बदल केला होता. आखातात खसखशीवर बंदी, ती घेऊन तिथे उतरायची कुणाची छाती नसते, म्हणून तिने कलिंगडाच्या बिया सोलून, भाजून घालायला सुरुवात केली. पहिल्या दोन वर्षी बिघडला. तिसऱ्या वर्षी असा जमला, की आईच्यापेक्षाही बरा झालाय, असं तिने फक्त नवऱ्यालाच कबूल केलं.

ज्या वर्षी रामिरोचा करार संपत आला, त्या वर्षी त्याने ओस्विनला आपलं शहर सांगायला सुरुवात केली. काम आटोपल्यावर, भांडी वाळत असताना, गल्ली गल्ली, टेबल टेबल. ओस्विन लिहून घ्यायचा. "तू येशील तेव्हा मी स्वतः नेईन तुला," रामिरो म्हणायचा. "शुक्रवारी विमानतळावर मी उभा असेन. पण समज, मी मेलो असलो, तरी या कागदावर तू फिरशील."

जायच्या आठ दिवस आधी तो म्हणाला, "ओस्विन, मी तुला माझं शहर दिलं. तू मला काय देणार?"

ओस्विनने शर्ट दिला असता, घड्याळ दिलं असतं. रामिरोला त्यातलं काही नको होतं. "मला तुमच्या घरची आठवण हवीय. जिभेवरची. माझ्या म्हाताऱ्या आईला एकदा खाऊ घालीन, बस्स."

कॅरोलिन ड्युटीवर होती. ओस्विनने कपाटातली तिची वही काढली. फोटो काढणं त्याला बरं वाटलं नाही, म्हणून रामिरोला शेजारी बसवून त्याने वाचून दाखवलं आणि रामिरोने लिहून घेतलं. तीसच्या तीस जिन्नस, भाजायच्या क्रमासकट. वही परत ठेवताना ओस्विनच्या मनात आलं होतं, की सांगावं कॅरोलिनला. आज सांगू, उद्या सांगू, करता करता रामिरोचं विमान उडालं. मग सांगण्यासारखं काही राहिलं नाही, असं त्याने स्वतःला समजावलं.

रामिरोचे फोन वर्षभर आले. मग नाताळच्या शुभेच्छा आल्या. मग त्याही थांबल्या. ओस्विनला त्याचं वाईट वाटलं नाही. माणूस कामात असतो. गिऱ्हाइकांना तो अजूनही सांगायचा, "माझा मित्र आहे तिकडे. भाऊच समजा."

फहाद हे त्या गिऱ्हाइकांपैकीच, पण आता घरातलंच झालेलं. जनाबियाला राहणारा बहरीनी, बँकेतून निवृत्त झालेला, मुंबईच्या व्यापाऱ्यांत वावरून हिंदी शिकलेला. दर नाताळला ओस्विन त्याच्या घरी फुगे आणि कोळंबीचा डबा पोचवायचा आणि दर ईदला फहादची बायको हमीदा उलटा डबा भरून पाठवायची. दोन वर्षांपूर्वी फहाद आणि हमीदाने मेक्सिकोचं ठरवलं. ओस्विनने त्यांच्यासाठी कागद नव्याने लिहिला. बार काढला, पुल्के काढली, सळीवरचं मांस डुकराचं असतं म्हणून तेही काढलं. मासे कुठे चांगले मिळतात ते घातलं. आणि शेवटी, रामिरोने स्वतःचं हॉटेल काढलंय असं कुणाकडून तरी कळलं होतं, म्हणून त्याचा पत्ता शोधून लिहिला. "माझं नाव सांगा," तो म्हणाला. "टेबलाचे पैसेसुद्धा घेणार नाही तो."

तीन आठवड्यांनी, दुपारचं जेवण आटोपून रेस्टॉरंट रिकामं झालं होतं, तेव्हा फहाद आला. एरवी तो आल्या आल्या ओस्विनला मिठी मारायचा. आज खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, "सदीक, दोस्ता, बस."

"कशी झाली ट्रिप? मटण मिळालं का दहाच्या आत?"

"सगळं मिळालं. तुझा कागद चोख आहे. एकही गल्ली चुकली नाही." फहादने पिशवीतून काचेची एक बरणी काढून टेबलावर ठेवली. "रामिरोकडे गेलो होतो. बाहेर रांग होती. आम्ही तासभर उभे होतो. आत सगळ्यांच्या टेबलावर एकच पदार्थ. लाल रश्श्यातली कोळंबी आणि सोबत तळलेले गोल गोळे. हमीदाने एक घास खाल्ला आणि माझ्याकडे बघितलं. म्हणाली, हे तर कॅरोलिनचं."

ओस्विनचा चेहरा फुलला. "केलं त्याने! बघा, विसरला नाही."

"ऐक तरी. मेनूवर लिहिलंय, माझ्या आजीचा मोले. भिंतीवर आजीचा फोटो आहे. तो स्वतः टेबलापाशी आला. हमीदाने विचारलं, ही पाककृती कुठली? म्हणाला, माझ्या आजीची, डोंगरातल्या गावातली, शंभर वर्षांची. मग मी तुझं नाव सांगितलं."

"मग?"

फहाद टेबलावरच्या रुमालाची घडी घालत राहिला. "म्हणाला, बहरीनमध्ये किचनला पुष्कळ इंडियन पोरं होती. नावं कुणाची लक्षात राहतात?"

 ओस्विनने बरणी उचलली. झाकण उघडायची गरज नव्हती, तरी त्याने उघडलं आणि नाकाशी नेलं. मग लेबल वाचू लागला. किचनमधलं स्पॅनिश त्याला समजत होतं. सुक्या मिरच्या, धणे, गहू, चणे. आणि शेवटून दुसरं, कलिंगडाच्या बिया.

मेक्सिकोतल्या कुठल्याच आजीने त्या त्यात घातल्या नव्हत्या. गासच्या आईनेही नव्हत्या. त्या गुदैबियातल्या दोन खोल्यांत, कॅरोलिनने दोन वर्षांचा मसाला फुकट घालवून शोधल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शिफ्टच्या आधी त्याने फोन लावला. तिकडे सकाळ होती. दोनदा वाजून थांबला. तिसऱ्यांदा रामिरोने उचलला आणि आवाज ओळखताच ओरडला, "ओस्विन! हर्मानो! भावा!"

"म्हणजे नाव आठवतं तर," ओस्विन म्हणाला.

 पलीकडून रामिरो हसला, पण ते जुनं हसू नव्हतं. "तो अरब माणूस तुझा होता होय? अरे, चार टेबलं ऐकत होती. मी काय सांगायचं? इंडियातला मसाला म्हटलं तर इथे कोण येईल? लोकांना आजी हवी असते, ओस्विन. आजीला रांग लागते."

"तू म्हणाला होतास आईला एकदा खाऊ घालीन."

"घातलं ना. तिनेच म्हटलं, हे विक."

"कॅरोलिनचं नाव तरी..."

"कॅरोलिनला माझा नमस्कार सांग. आणि ये ना इकडे! विमानतळावर मी स्वतः येतो न्यायला."

ओस्विनने फोन ठेवला. जास्त लागलं ते कशाचं, हे त्याला त्या संध्याकाळी कळलं नाही. मसाला गेला त्याचं, की आपण पुष्कळ पोरांतलं एक पोर झालो त्याचं. जो माणूस त्याच्या घरी ताट पुसून खायचा, त्याने एका परक्या टेबलापाशी त्याला ओळखच दिली नव्हती. आणि आताही तो कसा बोलला, तर काहीच घडलं नसल्यासारखा.

बरणी घरात फार दिवस लपवता आली नसती. लपवायचीही नव्हती. रविवारी कॅरोलिनला सुट्टी होती. ओस्विनने ती स्वयंपाकघरातल्या ओट्यावर ठेवली आणि सगळं सांगितलं. वहीपासून.

कॅरोलिनने बरणी उघडली. चिमूटभर तळहातावर घेतलं, जिभेला लावलं. कॉलेजला जाणारी त्यांची मुलगी शर्लिन दारात उभी होती. ती भडकली. "डॅड, पोस्ट इट! मम्मीची वही दाखव, त्याचं लेबल दाखव. एक्स्पोज हिम!"

"शर्लिन, तू आत जा," कॅरोलिन म्हणाली. मग नवऱ्याकडे वळली. "तो मेला चोर आहे, असं म्हणतोस तू?"

"नाहीतर काय?"

"त्याने चोरला नाही, ओस्विन. तू दिलास. वहिनीने माझे पाय धरले होते, मी दिला नाही. आणि तू माझं कपाट उघडलंस. इतकी वर्षं त्याची आठवण काढत होतास माझ्यासमोर, आणि त्यातलं हे एक तेवढं सांगितलं नाहीस."

"चुकलं माझं."

"त्याला तुझं नाव आठवलं नाही म्हणून तू चार दिवस जेवत नाहीयेस. तू वाचून दाखवत होतास तेव्हा माझं नाव तुला आठवलं होतं का?"

 ती ओरडली असती तर ओस्विनला बरं वाटलं असतं. तिने बरणीचं झाकण लावलं, ती फेकलीही नाही, आणि कपडे इस्त्री करायला घेतले.

शर्लिनने पोस्ट लिहून तयार ठेवली होती. कॅरोलिनने ती टाकू दिली नाही. "माझ्या आईचं नाव मला बाजारात नकोय. रामिरोच्याही नको, तुझ्या त्या फोनवरच्याही नको."

हॉटेलात कुणी मेक्सिकोला निघालं की वेटर अजून आत यायचा. पहिले काही दिवस ओस्विनने डोकं दुखतंय म्हणून टाळलं. मग एका नवपरिणीत जोडप्याला त्याने कागद दिला, रामिरोचा पत्ता खोडून. मुलीने विचारलं, "तुम्ही तिकडचे आहात का?" तो म्हणाला, "नाही. कधी गेलोही नाही." आजवर हे त्याला कुणी विचारलं नव्हतं आणि त्यानेही कुणाला सांगितलं नव्हतं. जोडप्याने जरा संशयानेच कागदाकडे पाहिलं. सहा महिन्यांत त्याने बदली मागून घेतली. आता तो मीना सलमान बंदराजवळच्या एका केटरिंग किचनमध्ये कामगारांची डाळ-भाजी बघतो. पगार थोडा कमी आहे, पण संध्याकाळी घरी असतो.

त्या वर्षी कॅरोलिनने मसाला केलाच नाही. नाताळला फहादकडे बाजारचा केक गेला. हमीदाने फोन करून काही विचारलं नाही, यावरून तिला घरातलं सगळं कळलेलं आहे हे ओस्विनला समजलं.

यंदाच्या मे महिन्यात एक दिवस तो कामावरून लवकर आला. जिन्यातच भाजलेल्या मिरचीचा ठसका बसला. दार आतून लावलेलं होतं. त्याने बेल वाजवली. बऱ्याच वेळाने कॅरोलिनने दार अर्धं उघडलं. तोंडाला ओढणी बांधलेली, हात लाल.

"तासाभराने ये," ती म्हणाली. "अजून व्हायचाय."

ओस्विन खाली उतरला. समोरच्या केरळी हॉटेलात बसून त्याने चहा मागवला आणि तासाभराऐवजी दोन तास बसला. वर गेला तेव्हा ओटा धुऊन स्वच्छ होता, बाटल्या बुचं लावून कपाटात गेल्या होत्या आणि कपाटाला नवं कुलूप होतं. टेबलावर त्याचं ताट वाढलेलं होतं. कोळंबीचं लाल कालवण, वाफ निघणारं. त्याने एक घास घेतला. या वर्षी त्यात काहीतरी वेगळं होतं, बिया नव्हत्या, दुसरंच काही होतं. काय ते त्याला ओळखता आलं नाही, आणि त्याने विचारलंही नाही.