हन्नाबाईंनी पोरीचं नाव बदललं

जाफराबादच्या सरकारी दवाखान्यातल्या नर्स हन्नाबाई झिराडकर नेमक्या कोणत्या जातीच्या, यावर गावानं वर्षानुवर्षं डोकं खाजवलं. कुणी ख्रिस्ती म्हणे, कुणी बोहरी. बाई शुक्रवारी सांजेला दिवे लावायच्या आणि शनिवारी चूल पेटवायच्या नाहीत. आम्ही कोकणातले यहुदी, बेने इस्राएल, हे सांगून सांगून त्यांची जीभ झिजली. शेवटी त्यांनी सांगणंच सोडून दिलं.

पण चौऱ्याहत्तरच्या श्रावणात त्यांची एकुलती पोर, शोशना, मुदतीच्या तापानं फणफणली आणि बाईंचा धीर सुटला. नवरा आधीच गेलेला. औषध चालू होतं, पण ताप हटेना. नदीला पूर, एसटी बंद, डॉक्टर जालन्याला अडकलेले. तिसऱ्या प्रहरी पोर बरळायला लागली.

तेव्हा त्यांना वडील आठवले. वडील कब्बाला वाचत, म्हणजे यहुद्यांची गूढ विद्या. ते सांगत, देवाला अंत नाही. सगळीकडे तोच भरलेला, मग जग ठेवायचं कुठं? म्हणून त्यानं अंग चोरलं, जागा केली, त्या जागेत भांडी मांडली आणि आपला उजेड ओतला. भांड्यांना कसला पेलवतोय! फुटली. ठिणग्या जगभर उडाल्या, त्यांच्यावर टरफलं चढली. माणसानं चांगलं वागून एकेक ठिणगी मोकळी करायची, एवढंच आपलं काम. आणि वडील हेही सांगत, की मरणाचा दूत नाव विचारत येतो. त्या नावाचं माणूस घरात नसलं तर हात हलवत परत जातो. म्हणून अत्यवस्थ माणसाचं नाव बदलायचं. पण दहा यहुदी पुरुषांच्या साक्षीनं.

आता जाफराबादेत दहा यहुदी कुठून आणायचे? एकसुद्धा नव्हता.

बाई हे रडत रडत शेजारच्या मालनबाईला सांगत होत्या. मालनबाई ऐकता ऐकता उठली, गेली, आणि जरा वेळानं गल्लीतले गडी घेऊन दारात हजर झाली.

“घ्या, धा मानसं. बराबर मोजून आनलीत.”

हन्नाबाईंनी कपाळाला हात लावला. “अगं मालन, अशी कुणीही चालत नाहीत. आमच्यातलीच लागतात.”

“तुमच्यातली पुराच्या पल्याड हायेत, बाई. पोर अल्याड हाय.”

बाईंना राग आला. त्यांनी दाराकडे पाहिलं. रामकिसन, भुजंग, मागं बाकीचे, सगळे चिंब भिजलेले. कुणाची टोपी, कुणाचा फेटा, कुणाच्या डोक्यावर नुसता टॉवेल. पण डोकी झाकलेली होती, प्रार्थनेला लागतात तशी. ठिणगी कुणात पडली नाही, हे वडिलांनी तरी कुठं सांगितलं होतं?

“या आत,” त्या म्हणाल्या. “हिचं नाव हाया ठेवते. आमच्या भाषेत हाया म्हणजे जिवंत.”

“येडं लागलं का?” मालनबाई खेकसली. “चांगल्या नावाला त्यो अजून भुलतो. माझी तीन गेली. चौथ्याला उकिरड्यावर ठिवलं, कचरू म्हनलं, आन् आता बगा, बैलं हाकून राह्यला. कचरा म्हना पोरीला!”

“माझ्या लेकीला कचरा म्हणू?” बाई कडाडल्या.

तेवढ्यात पोरीचे डोळे फिरले. हन्नाबाई तिच्या उशाशी धावल्या. ठिणगी टरफलातच दडून राहते, वडीलच म्हणायचे ना? मग टरफल असं असू दे, की दूतानं बोटसुद्धा लावू नये. त्यांनी पोरीच्या कपाळावर हात ठेवला, शेमा ही यहुद्यांची रोजची प्रार्थना म्हटली, आणि मोठ्यानं सांगितलं, “आजपासून ही शोशना नाही. ही कचराबाई, हन्नाची लेक.”

आमेन म्हणायचं कुणाला ठाऊक! भुजंग म्हणाला, “बरं.” मग सगळेच म्हणाले, “बरं.”

औषधानं म्हणा, नावानं म्हणा, ताप उतरला. औषधाची बाजू घेणाऱ्यांशी बाई कधी भांडल्या नाहीत. त्या नर्सच होत्या की.

सत्त्याहत्तर साली मायलेकी इस्राएलला निघाल्या. आता पोर उंच झालेली, टवटवीत. एसटी स्टँडवर मालनबाईनं तिला पोटाशी धरलं, आणि रडता रडता तिच्या तोंडून निघालं, “जपून राहा गं, माझी शोश...”

हन्नाबाईंनी झटकन तिच्या तोंडावर हात दाबला. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“कचरा म्हण, मालन,” त्या कुजबुजल्या. “अजून समुद्र ओलांडायचाय.”