मोहफुलांचा पाव

आईच्या जबड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन नागपूरला झालं, मग किरणांचा उपचार झाला, आणि आम्ही मोहाडीला घरी परतलो त्याच्या आठवडाभरात टाळेबंदी लागली. आईचं तोंड तेव्हा जेमतेम एक बोट शिरेल एवढंच उघडायचं. आत सगळीकडे फोड, छाले. भाताची पेज दिली तर शितं छाल्यांना चिकटायची आणि ती डोळे गच्च मिटून घ्यायची. नुसतं दूध उलटून पडायचं. दुधात भिजवून कुस्करलेला पाव तेवढा घशाखाली उतरायचा. दुसरं काहीच नाही.

घरात आम्ही दोघंच होतो. बायको अड्याळकडच्या एका उपकेंद्रात नर्स. आपल्या अंगावरून करोना सासूपर्यंत जाईल या भीतीनं ती तिकडेच खोली घेऊन राहिली होती. मी शाळामास्तर. चहा सोडला तर चुलीपाशी माझं कधी काही काम पडलं नव्हतं.

गावातली बेकरी बंद झाली. किराणावाला अर्ध्या शटरखालून म्हणाला, "भंडाऱ्यावरून गाडीच येऊन नाही राहिली, सर. पाव कुठून देऊ?" घरातल्या शेवटच्या पुड्याला हिरवी बुरशी चढली. मी कडा कापल्या, मधला भाग आईला दिला. दुसऱ्या दिवशी मधला भागही हिरवा झाला होता.

मी बायकोला फोन लावला. "पाव संपला. आता काय देऊ आईले?"

"घरी करून पाहा," ती म्हणाली. "डब्यात दिवाळीचा मैदा हाय थोडासा. कुकरची शिट्टी आन् रबर काढा, खाली मीठ पसरा, त्यावर डबा ठेवा. होते."

मैदा दोन वाट्या निघाला. तो जपायचा म्हणून मी पहिल्यांदा कणकेचा पाव केला, खायचा सोडा घालून. तासाभरानं डबा उघडला तर आत वीट. सुरीनं कापेना. दुधात भिजवला तर बाहेरून लगदा झाला आणि आत गोळा तसाच राहिला. कोंड्याचे कण आईच्या छाल्यांत अडकले. ते काढायला मी कापसाचा बोळा घेऊन बसलो आणि ती माझं मनगट घट्ट धरून राहिली.

पुढच्या वेळी कणीक जुन्या धोतराच्या फडक्यातून तीनदा चाळली, त्यात एक वाटी मैदा मिसळला आणि दह्यात भिजवून उन्हाच्या कडेला ठेवली. आमच्याकडचं ऊन कुणाची वाट पाहत नाही. दुपारपर्यंत पीठ फुगून डब्याबाहेर आलं. मला केवढा आनंद झाला! भाजला तेव्हा पाव वर आला, जाळीही पडली. मी घाईघाईनं दुधात कुस्करून पहिला चमचा आईच्या ओठांत सरकवला.

ती ओरडली. ऑपरेशननंतर तिच्या तोंडून शब्द नीट येत नव्हते, पण ते ओरडणं स्पष्ट होतं. पाव आंबट झाला होता आणि आंबट उघड्या मांसाला लागलं होतं. तिनं हातानं वाटी उडवली. दूध भिंतीवर, माझ्या अंगावर.

मी तिच्यावर ओरडलो. "मग खाणार काय तू? मरतेस काय उपाशी?" आईशी मी आयुष्यात असा बोललो नव्हतो. तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं. तिची पाठ मला दिसत होती. मणके मोजता येत होते. मी अंगणात येऊन पायरीवर बसलो आणि रडलो.

शेजारच्या काकू भिंतीपलीकडे मोहफुलं वाळत घालत होत्या. पहाटे बांधावरून वेचून आणलेली ती पिवळसर, रसाळ फुलं. त्यांनी ऐकलं असणारच.

"काहून रडतं, बाबू?"

मी सगळं सांगितलं. त्या थोडा वेळ फुलं उलटीपालटी करत राहिल्या. मग म्हणाल्या, "दही कायले टाकतं? मोहाचं पाणी टाक. गोड रायते. एका दिवसात फसफसते."

त्यांनी ओंजळभर फुलं भिंतीवरून दिली. मी ती कोमट पाण्यात चुरून ठेवली. दुसऱ्या दिवशी पाण्यावर फेस आला आणि घरभर वास सुटला. तो वास आमच्या घरात पूर्वी रोज असायचा. वडील मोहाच्या दारूनंच गेले. त्या वासानं आईचा संसार खाल्ला होता. मी खिडक्या उघडल्या, पंखा लावला, फेसाचं पाणी गाळलं आणि त्यात उरलेला मैदा आणि चाळलेली कणीक मळली. पीठ हळूहळू, समजूतदारपणे फुगलं. पाव मऊ निघाला, तपकिरी, किंचित गोड. मी आधी चाखला. आंबट नव्हता.

आईनं चमचा तोंडाशी येताच माझा हात धरला. नाकाशी नेऊन वास घेतला. मग अंगठा ओठांकडे नेऊन पिण्याची खूण केली आणि माझ्याकडे पाहत राहिली.

खोटं बोलावं असं क्षणभर वाटलं. मग म्हणालो, "मोहाचंच हाय, आई. पण दारू नाही. पाव हाय."

मग तिनं डोळे मिटले आणि ओठ उघडले, जेवढे उघडत होते तेवढे. सहा चमचे खाल्ले. उलटी झाली नाही. फोनवर बायकोला सांगितलं तेव्हा ती नुसती हुंदके देत राहिली.

तो मैदा त्या एकाच पावात संपला. पुढचे पाव नुसत्या कणकेचे. फुलं कितीही घातली तरी ते जड व्हायचे. आई रोज एक चमचा कमी खाऊ लागली. शेवटी एकदा तिला ठसका लागला, ओठ निळे पडले, आणि मी सरळ तहसील कचेरीत जाऊन नागपूरला न्यायच्या गाडीच्या पाससाठी उभा राहिलो. साहेबांना तिचा फोटो दाखवला. त्यांनी दुसऱ्यांदा पाहिला नाही. सही केली.

नागपूरला तिच्या नाकातून नळी घातली. आता दूध थेट पोटात जाऊ लागलं. तिचं वजन थोडं वाढलंही. पण कॅन्सर परत आला होता, आणि धानाची रोवणी सुरू झाली त्या आठवड्यात ती गेली. बायकोला शेवटचे चार दिवस तिच्याजवळ राहता आलं.

लोक म्हणतात, तुम्ही फार केलं. मला मात्र ती भिंतीकडे वळलेली पाठ दिसते. त्याबद्दल मी तिची माफी मागितली नाही. मागायची होती. रोज पीठ मळताना ठरवायचो, आणि रोज तिचा चमचा भरण्यातच ते राहून जायचं.