आतून दोन ठोके

माझे सासरे बाळ देवस्थळी. वय अठ्ठ्याहत्तर, तरी आर. के. पुरममधले जुने शेजारी त्यांना अजून बाळच म्हणतात. आयुष्यभर त्यांनी रेल्वेत वाफेच्या इंजिनांचे बॉयलर तपासले. माणूस महाहट्टी. कानात मशीन घालायला दोन वर्षं लावली, आणि घातल्यावर पहिली तक्रार माझ्या चहाच्या कपाची. "बद्द वाजतोय गं, पद्मजा. तडा गेलाय." बद्द म्हणजे काय, हे माझ्या नवऱ्याला, शार्दूलला, ठाऊकच नव्हतं. दिल्लीत वाढलेला तो. मग बाबांनी दोन कप चमच्याने वाजवून त्याची शिकवणी घेतली.

ह्या जानेवारीत त्यांना बोलावणं आलं. जुनी इंजिनं जपणाऱ्या एका संस्थेने गुडगावपलीकडच्या एका शेडमध्ये एक इंजिन तीन वर्षं खपून दुरुस्त केलं होतं. बाबांनी बॉयलर तपासून सही दिली, तर रविवारी ते पुन्हा वाफेवर धावणार होतं. नाही दिली, तर मानेसरच्या एका हॉटेलच्या बागेत शोभेला जाऊन कायमचं थंड होणार होतं. हॉटेलवाला रविवारपलीकडे थांबायला तयार नव्हता. बाबा आठवडाभर जेवताना दुसरं काही बोलले नाहीत. "मरायच्या आधी एकदा त्याची शिट्टी ऐकायची आहे," म्हणाले. शार्दूलला मीटिंग होती, म्हणून रजा टाकून मीच त्यांना घेऊन गेले. शार्दूलला नेहमीच मीटिंग असते.

दुपारचे बारा वाजले तरी धुकं शेडच्या आत शिरलेलं होतं. कामाचा प्रमुख चैतन्य सहाय म्हणाला, "सर, मशीन में सब पास है, बस आपकी तसल्ली के लिए," आणि माणसांना घेऊन चहाला गेला. बॉयलरच्या आतल्या आणि बाहेरच्या पत्र्याला धरून ठेवणारे शेकडो लोखंडी दांडे असतात. बाबा बाहेरून एकेकावर हातोडी मारणार, आवाज ऐकणार आणि मी वहीत 'ठीक' लिहिणार.

पहिल्या दांड्यावर त्यांनी हातोडी मारली. खण्. लगेच आतून दोन ठोके आले, टक टक. बाबा पुढे सरकले. दुसरा दांडा, पुन्हा आतून दोन ठोके. मला वाटलं, कोणी कामगार आत राहिलाय.

"बाबा, आत कोण आहे?"

"मातादीन. दोन ठोके म्हणजे ठीक. तू लिही."

मी टॉर्च घेऊन भट्टीच्या दारातून आत डोकावले. आत काजळी होती आणि कबुतराची पिसं होती. मी तिथे उभी असतानाच बाबांनी बाहेरून हातोडी मारली आणि माझ्या नाकासमोरच्या रिकाम्या जागेतून दोन ठोके आले. वही घेऊन मी परत बाबांजवळ आले, कारण दुसरीकडे कुठे जाण्याची हिंमत नव्हती.

बऱ्याच वेळाने एका दांड्यापाशी ते थांबले. "बद्द," म्हणाले. मला फरक कळला नाही. आतून दोन ठोके आले. बाबांनी पुन्हा हातोडी मारली. आतले ठोके ह्या वेळी जोरात आले, चिडल्यासारखे. बाबांचा चेहरा पांढरा पडला.

"हेच इंजिन होतं," ते म्हणाले. "चौऱ्याऐंशी साल. मला एक दांडा बद्द वाटला होता. माझा मदतनीस मातादीन आतून दोन ठोके देऊन ठीक म्हणाला. घरी जायची घाई असेल त्याला. मी त्याचं ऐकलं. चाचणीच्या दिवशी वाफ फुटली तेव्हा भट्टीच्या दाराशी तोच उभा होता." त्यांनी हातोडी खाली ठेवली. "ह्या वेळी मी त्याचं ऐकणार नाही."

चैतन्यने परोपरीने विनवलं, मशीनचे कागद दाखवले. बाबांनी सही केली नाही. परतताना गाडीत ते रडत होते.

इंजिन मानेसरला गेलं. न्यायच्या आधी चैतन्यने तो दांडा कापून काढला आणि मला नोएडाच्या ऑफिसात फोन केला. दांडा अखंड होता, तडा सोडाच, साधा ओरखडाही नव्हता.

घरी आले तर बाबा दारातच होते; दांडा कापून बघणार हे त्यांना ठाऊक होतं. "काढला का तो?"

त्यांच्याकडे पाहून खरं बोलायचा धीर होईना. "हो बाबा. आतून तुटलेला होता. तुम्ही वाचवलंत सगळ्यांना."

ते खूश होतील असं मला वाटलं होतं. ते भिंतीला धरून हळूहळू खुर्चीत बसले.

"म्हणजे मेल्यावरही खोटंच बोलला," ते म्हणाले. "मला वाटलं होतं, माफी मागायला आला असेल."