वर्ष व्हायच्या आत

परदेशी सिनेमावाले आणि रानातली माणसं यांच्यामध्ये उभं राहून बोलण्यात दुभाषीबाईंची तीस वर्षं गेली. "हा दगड आमचा देव आहे, त्यावर कॅमेरा ठेवू नका," हे तर त्या झोपेतही बोलल्या असत्या. सांगून व्हायचं, आणि कॅमेरा नेमका त्याच दगडावर जायचा. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय! बाई पार थकून गेल्या होत्या.

या खेपेला मात्र घरचंच दुखणं होतं. सिनेमातला म्हातारा पुजारी म्हणजे त्यांचा थोरला भाऊ, आणि शूटिंग संपून महिना होतो न होतो तोच तो वारला. त्यांच्या लोकांत गेलेला माणूस वर्षभर चालत असतो. मधूनच घरच्यांना हाक मारतो. त्या हाकेला घरच्या कुणी ओ दिली, की तो अर्ध्या वाटेवरून मागे फिरतो, मग ना इकडचा ना तिकडचा. म्हणून वर्षभर त्याचा आवाज कानावर येऊ द्यायचा नाही.

बाईंनी दिग्दर्शकाला हात जोडून सांगितलं, सिनेमा दाखवायला वर्षभर थांबा. तारीख ठरली होती, तो कसला थांबतोय. पण माणूस वाईट नव्हता. सगळं वहीत लिहून घेतलं, डोळे पुसले आणि तोड काढली: भावाचा आवाज पुसून टाकू, दुसऱ्या नटाकडून बोलून घेऊ. फक्त भाषा तुम्ही शिकवा. बाईंना कित्येक दिवसांनी धड श्वास घेता आला.

रेकॉर्डिंगच्या खोलीत नटाची शिकवणी सुरू झाली; तो काचेपलीकडे, बाई अलीकडे, दोघांपुढेही माइक चालू. पुजारी गावकऱ्यांना पूजेला बोलवायला दारोदार फिरतो, एवढाच प्रसंग. पोरगा गुणी होता, पण आवाज पुस्तकी. बाईंना कामात हयगय कधी जमलीच नाही, तीच खोड नडली. "इतकं खणखणीत नको, दम लागू दे. आधी थोडा खोक. शेवटचा शब्द ओढ." दुपार टळली. बाईंचे पाय सुजले, डोळे मिटायला लागले.

काचेपलीकडे कुणीतरी खोकलं. धापा टाकत विचारलं, "आहे का गं कुणी घरात?"

"आले रे दादा," बाई म्हणाल्या आणि उठून दाराकडे निघाल्याही.

चार पावलांवर त्यांना कळलं. त्या तिथेच खाली बसल्या. दिग्दर्शक धावत आला, त्यांचे दोन्ही हात धरले. अख्ख्या सिनेमात इतकं खरं दुसरं काही नाही, म्हणाला, तुमचं उत्तरही टेप झालंय, ते आपण ठेवणार.

"पुसा ते," बाई म्हणाल्या. "तो मागे फिरला असेल."

त्याने हेही वहीत लिहून घेतलं.